हनोई ते सायगाव, जमिनीवरून: कमी खर्चाच्या प्रवासाचं गणित



प्रवासावरच्या या मालिकेत मला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न एकच आहे. इंदूरहून, बडोद्याहून, बेळगावहून, हैदराबादहून, मराठी माणूस जिथे असेल तिथून तो विचारतो, ‘साहेब, व्हिएतनाम किती रुपयांत होतं?’

आकडा मी देणार आहे, पण भागाच्या शेवटी. कारण नुसता आकडा घेऊन निघालेली पोरं मी तिकडे अडकलेली पाहिली आहेत. फौजेत आम्हाला पहिल्या वर्षात शिकवतात की सगळी ताकद एकदम पुढे लावायची नाही. तीन तुकड्या असतील तर दोन पुढे आणि एक मागे राखीव. ती राखीव तुकडी बसून आहे म्हणून कुणी तिला ‘वाया गेलेली’ म्हणत नाही. कमी खर्चाचा, विमान न वापरता केलेला प्रवास याच नियमावर चालतो. राखीव तीन गोष्टींची लागते: दिवस, पैसा आणि अंगातली ताकद. आजचा भाग ती राखीव कुठे लागते आणि का लागते, याबद्दल आहे.

कावडीसारखा देश

आधी नकाशा डोळ्यांपुढे आणा. व्हिएतनामी लोक आपल्या देशाला कावडीची उपमा देतात. खांद्यावरची बांबूची काठी आणि दोन टोकांना भाताच्या दोन टोपल्या. उत्तरेची टोपली म्हणजे हनोईजवळचा तांबड्या नदीचा त्रिभुज प्रदेश. दक्षिणेची टोपली म्हणजे सायगावच्या खालचा मेकाँगचा त्रिभुज प्रदेश. मधली काठी लांबलचक आणि अरुंद. डोंग होईच्या आसपास समुद्र आणि लाओसची सरहद्द यांच्यात जेमतेम पन्नास किलोमीटर जमीन उरते. पश्चिमेला आन्नाम डोंगररांग, पूर्वेला समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत रेल्वे, रस्ता, शेतं, गावं, सगळं.

हनोई ते सायगाव रेल्वे १,७२६ किलोमीटरची आहे. सायगावचं सरकारी नाव हो ची मिन्ह सिटी, पण लोकांच्या तोंडी आणि रेल्वे स्टेशनच्या पाटीवर आजही सायगावच. ही रेल्वे फ्रेंचांनी १८९९ ते १९३६ या काळात टप्प्याटप्प्यानं बांधली. युद्धात तिचे पूल पुन्हा पुन्हा उडवले गेले. देश एक झाल्यावर ती दुरुस्त करून ३१ डिसेंबर १९७६ ला परत सुरू झाली. म्हणून तिला ‘थोंग न्यात’, म्हणजे एकीकरणाची गाडी, म्हणतात. तिच्या शेजारून राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १ जातो. तो चीनच्या सरहद्दीपासून थेट दक्षिणेच्या टोकापर्यंत सुमारे २,३०० किलोमीटर आहे.

फौजी नजरेनं पाहिलं तर मधल्या भागात सगळ्या देशाची ये-जा जवळपास एकाच पट्टीतून होते. आत डोंगराच्या बाजूनं हो ची मिन्ह महामार्ग आहे, पण तो घाटांचा आणि दरडींचा. कावडीची काठी मधे दबली की दोन्ही टोपल्या अडतात. नागपूर-मुंबई गाडी रद्द झाली तर आपण भुसावळवरून, मनमाडवरून काहीतरी जुळवतो. तिथे जुळवायला दुसरी वाटच कमी आहे. हे लक्षात ठेवलं की राखीव दिवसांचं महत्त्व आपोआप कळतं.

पाऊस एक नाही, तीन आहेत

आपल्याकडे पावसाळा म्हणजे जून ते सप्टेंबर. हे गणित घेऊन पुष्कळ लोक ऑक्टोबरात व्हिएतनामला जातात, आणि नेमके मधल्या भागात सापडतात.

उत्तरेत, हनोईकडे, मुख्य पाऊस मे ते सप्टेंबर. दक्षिणेत, सायगाव आणि मेकाँगकडे, मे ते नोव्हेंबर. पण तो बहुतेक दुपारी तासभर कोसळतो आणि थांबतो. मधल्या किनाऱ्याचं वेळापत्रक वेगळं आहे. हुए, दा नांग, होई आन या भागात खरा पाऊस सप्टेंबर ते डिसेंबर. चेन्नई आणि तंजावरकडच्या आपल्या मराठी मंडळींना हे लगेच समजेल, कारण त्यांचा पाऊसही परतीच्या, ईशान्येच्या वाऱ्याचाच. समुद्रावरून ओलावा घेऊन आलेला वारा आन्नाम डोंगराला अडतो आणि सगळं पाणी त्या अरुंद पट्टीत ओततो. त्यातच दक्षिण चीन समुद्रातली वादळं याच महिन्यांत इकडे वळतात. नद्या लहान, उतार तीव्र, समुद्र जवळ. एका रात्रीत पूर येतो.

हुएत वर्षाला अडीच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस होतो. तिथून दक्षिणेला फान रांगला जा, तो देशातला सर्वांत कोरडा भाग. निवडुंग, मेंढ्या, द्राक्षांचे मळे आणि हुएच्या एक-तृतीयांशाहूनही कमी पाऊस. महाबळेश्वर आणि माण-फलटण यांच्यातला फरक ज्यांनी पाहिला आहे त्यांना पर्जन्यछाया समजावून सांगायला नको.

याचं गांभीर्य किती, तर ऑक्टोबर २०२० मध्ये क्वांग त्रि प्रांतात मध्यरात्री एका लष्करी छावणीवर दरड कोसळली आणि २२ जवान गेले. डोंगर ओळखणारी, तिथेच राहणारी शिस्तबद्ध माणसं होती ती. आपण तर पाठीवर पिशवी घेऊन आलेले पाहुणे. सप्टेंबर २०२४ मध्ये उत्तरेत यागी नावाच्या वादळानं पूल वाहून नेला, गावं गाडली.

बडोद्याचं एक निवृत्त जोडपं, दोघंही बँकेतले, आपले नियमित प्रेक्षक. त्यांनी ऑक्टोबरातला अनुभव मला लिहून पाठवला. हुएमध्ये ते साध्या घरगुती मुक्कामात होते. पूर आला, गल्लीत कमरेएवढं पाणी, रेल्वे बंद. त्यांनी परतीच्या विमानाआधी चार दिवस मोकळे ठेवले होते. घरमालकीण बाईंनी फ्रीज आणि स्कूटर वरच्या मजल्यावर चढवायला सांगितलं तेव्हा यांनीही हात लावला, आणि मग तीन दिवस सगळे एकत्र वर बसून भात, भाजी, लोणचं खात राहिले. चौथ्या दिवशी पाणी उतरलं, पाचव्या दिवशी गाडी मिळाली. त्याच घरात उतरलेल्या दोन तरुण प्रवाशांचं दुसऱ्या दिवशी दा नांगहून विमान होतं. त्यांनी चौपट पैसे देऊन एक मोटार ठरवली. ती अर्ध्या वाटेवरून परत आली, आणि विमानही गेलं. पूर दोघांनाही सारखाच होता. जोडप्याला तो आठवण म्हणून राहिला, तरुणांना भुर्दंड म्हणून.

माझा सल्ला: सगळा देश एका दमात करायचा असेल तर फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिल. फक्त त्यांचं नवं वर्ष, तेत, टाळा. ते जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत येतं. त्या काळात सगळा देश आपल्या गावी निघतो. आपल्याकडे गणपतीत कोकण रेल्वेचं जे होतं तेच. तिकिटं मिळत नाहीत आणि दुकानं बंद असतात.

रेल्वे की रात्रीची बस

आता वाहन. कमी खर्चाच्या प्रवाशांत सगळ्यात लोकप्रिय म्हणजे रात्रीची स्लीपर बस. दोन मजले, तीन रांगा, मागे रेललेल्या बाकासारख्या खुर्च्या, पाय पुढच्याच्या पाठीखालच्या खोक्यात घालायचे. चढताना बूट काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायचे, हा नियम मला फार आवडला. ही आसनं मध्यम उंचीच्या माणसासाठी केलेली आहेत. सहा फुटी माणूस त्यात घडी घातलेल्या चादरीसारखा पडतो.

लोक सांगतात, ‘रात्रीच्या बसनं एका मुक्कामाचे पैसे वाचतात.’ हिशेब करा. वसतिगृहातली खाट साधारण दीड ते अडीच लाख डोंग, म्हणजे पाचशे ते साडेआठशे रुपये. तेवढे वाचले. पण बस बहुधा वेळेच्या आधी, पहाटे चारला वगैरे पोचते, आणि अनेकदा गावात न जाता महामार्गावरच्या फाट्यावर उतरवते. तिथे उभ्या असलेल्या वाहनवाल्याला तुमची गरज माहीत असते. त्याला दीड लाख गेले. खोली दुपारी दोनला मिळणार. तोवर कॉफीच्या दुकानात बसून काढायचं, आणि मग उरलेला दिवस झोपेत. म्हणजे सातशे रुपये वाचवायला निघालात, पाचशे वाहनाला गेले आणि एक अख्खा दिवस गेला. शिवाय हा महामार्ग ट्रकांनी भरलेला. रात्री तुम्ही झोपता, पण चालकाला जागं राहायचं असतं.

एखादी रात्र बसमध्ये काढायला हरकत नाही. सलग दोन रात्री नकोत. अंगाची राखीव तिथेच संपते, आणि उष्ण दमट हवेत थकलेलं अंग आजाराला लवकर बळी पडतं. डेंग्यूचे डास दिवसा चावतात. थकून उघड्यावर झोपलेला प्रवासी त्यांना आयताच सापडतो.

रेल्वे थोडी महाग आणि हळू. पूर्ण अंतराला तीस ते पस्तीस तास. रूळ मीटरगेज आहेत. ज्यांनी जुनी महू-खंडवा किंवा पूर्णा-अकोला गाडी अनुभवली आहे त्यांना तो हेलकावा ओळखीचा वाटेल. लाकडी बाक, मऊ खुर्ची, सहा खाटांचा डबा, चार खाटांचा डबा असे वर्ग असतात. सहा खाटांच्या डब्यात सगळ्यात वरची खाट स्वस्त, पण छत इतकं जवळ की उठून बसता येत नाही. माझ्या वयाच्या लोकांनी खालची घ्यावी. स्टेशनं बहुतेक गावाच्या मध्यात आहेत, त्यामुळे उतरल्यावर पायी खोली गाठता येते. तिकिटाच्या किमतीत ही बचत कुणी धरत नाही.

एक टप्पा मात्र कुणीही चुकवू नये: हुए ते दा नांग, सुमारे शंभर किलोमीटर, अडीच-तीन तास, दिवसाउजेडी. हाय व्हान घाट इथे आहे. नावाचा अर्थ समुद्र आणि ढग. डोंगररांग इथे थेट समुद्रात उतरते आणि देशाच्या हवेचे दोन भाग करते. हिवाळ्यात उत्तरेची थंडी या डोंगरापलीकडे फारशी जात नाही. बस २००५ मध्ये सुरू झालेल्या सहा किलोमीटरच्या बोगद्यातून काही मिनिटांत पार होते आणि तुम्हाला काहीच दिसत नाही. रेल्वे कड्याच्या कडेकडेनं जाते. दक्षिणेकडे जाताना डावीकडची खिडकी मागा.

इंदूरची एक मुलगी मला होई आनमध्ये भेटली, एकटी फिरत होती. तिचा एकच नियम होता: नव्या गावात उजेड असताना पोचायचं. त्यासाठी ती दिवसाची गाडी घ्यायची, टप्पे लहान ठेवायची आणि दोन ठिकाणं यादीतून सरळ कापायची. पाच आठवड्यांत तिला एकदाही अडचण आली नव्हती. पलटणीतला सुभेदारही याहून वेगळा सल्ला देणार नाही.

मोटारसायकल: जिथे काटकसर करायची नाही

हा भाग नीट वाचा, आणि घरातली तरुण मुलं जाणार असतील तर त्यांना वाचून दाखवा.

हनोईत जुनी मोटारसायकल विकत घ्यायची, सायगावपर्यंत चालवायची आणि तिथे दुसऱ्या प्रवाशाला विकायची, ही तिथल्या परदेशी प्रवाशांत जुनी रीत आहे. हिशेबाला ती फार स्वस्त दिसते. आपल्या मुलांना वाटतं, आपण तर लहानपणापासून दुचाकी चालवतो.

पहिली गोष्ट: तिथे रहदारी उजव्या बाजूनं चालते. सरळ रस्त्यावर सवय होते, पण अचानक समोर काही आलं की हात जुन्या सवयीनं डावीकडे वळतो.

दुसरी गोष्ट परवान्याची, आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. आपलं परिवहन कार्यालय जो आंतरराष्ट्रीय परवाना देतं तो १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचा असतो. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना कराराखालचा परवाना मान्य करतो. तो त्या करारात २०१४ मध्ये सामील झाला. त्यामुळे आपला परवाना खरा असूनही तिथे चालत नाही. पन्नास सीसीपर्यंतच्या छोट्या दुचाकीला परवाना लागत नाही, पण भाड्यानं मिळणाऱ्या बहुतेक गाड्या शंभरच्या वरच्या असतात. भाड्यानं देणारा तुम्हाला परवाना विचारणार नाही. त्याला भाड्याशी मतलब.

परवाना विचारतो तो विमावाला, आणि तोही अपघातानंतर. प्रवासी विम्याच्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की वाहन चालवताना त्या देशात वैध असलेला परवाना हवा. तो नसेल तर दावा नाकारला जाऊ शकतो.

फोंग न्या या गुहांच्या गावी वसतिगृहात मला एक मुलगा भेटला. नागपूरचा, बंगळुरात नोकरीला. पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. दोन दिवसांत दा नांगहून विमान होतं, मधे तीनशे किलोमीटर, म्हणून पावसात, संध्याकाळनंतरही गाडी चालवत राहिला. वळणावर ओल्या चिखलात चाक घसरलं. विमा काढलेला होता. कंपनीनं परवान्याच्या मुद्द्यावर नकार दिला. शस्त्रक्रिया, औषधं, नवीन तिकीट, सोबत न्यायला आलेल्या भावाचा खर्च. वडिलांनी मुदत ठेव मोडली. मुलगा चांगला होता, हेल्मेट घातलेलं होतं, दारू प्यायलेला नव्हता. पण वेळ, पैसा, अंग, तिन्ही बाबतींत त्याच्यापाशी राखीव काहीच उरलं नव्हतं. एक दिवस हातात असता तर तो पाऊस थांबेपर्यंत चहा पीत बसला असता.

घाट बघायचाच असेल तर दुसरा मार्ग आहे. स्थानिक चालकाच्या मागे बसा. दा लात, हुए, होई आन इथे असे चालक सहज मिळतात. पैसे जास्त जातात. पण रस्ता, ऊन, पाऊस आणि ट्रक यांची त्याला सवय आहे, आणि वाटेत कुठला भात चांगला हेही त्याला ठाऊक असतं. आणि हो, तिथे गाडी चालवणाऱ्याच्या अंगात दारूचा अंशही चालत नाही. २०२० पासून कायदा अगदी कडक आहे.

क्वांग त्रि भागात आणखी एक सूचना, फौजी माणूस म्हणून. युद्धातले न फुटलेले बॉम्ब तिथल्या जमिनीत अजून आहेत. वळवलेली पायवाट सोडून झुडपात जाऊ नका. जमिनीतून डोकावणारी धातूची वस्तू आठवण म्हणून उचलू नका.

खाणं आणि नोटा

शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. एक शब्द पाठ करा: ‘चय’. आपल्या कानाला ‘चाय’सारखा वाटतो, पण अर्थ शाकाहारी. पाटीवर ‘कोम चय’ दिसलं की आत जा. भात, टोफू, भाज्या मिळतात. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, तिथे बरेच बौद्ध लोक शाकाहार करतात. त्या दिवशी तुमची चैन. एरवी मात्र ‘फक्त भाजी’ सांगितलं तरी माशांचा रस, न्वोक माम, त्यात असू शकतो. तो त्यांचा मीठ-मसालाच आहे.

बाकीच्यांसाठी ‘कोम बिन्ह झान’, म्हणजे सर्वसामान्यांचा भात. काचेच्या कपाटात दहा-पंधरा पदार्थ मांडलेले असतात, बोटानं दाखवायचं. चाळीस ते साठ हजार डोंगमध्ये पोट भरतं. जिथे दुपारी गर्दी आहे आणि भांडी भराभर रिकामी होतायत तिथे जेवा. बर्फाची कॉफी अवश्य प्या. पाणी बाटलीतलं.

नोटांवर शून्यं फार. एका रुपयाला साधारण तीनशे डोंग धरा. वीस हजाराची आणि पाच लाखाची, दोन्ही नोटा निळसर आहेत. संध्याकाळच्या उजेडात, घाईत, वीस हजारांऐवजी पाच लाखांची नोट देणं म्हणजे साठ-सत्तर रुपयांच्या जागी सोळाशे-सतराशे देणं. पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा. एवढी शिस्त पुरते.

व्हिसा ऑनलाइन मिळतो. ऑगस्ट २०२३ पासून तो नव्वद दिवसांपर्यंतचा झाला आहे. एका प्रवेशाला २५ डॉलर. राखीव दिवस ठेवायचे तर तीस दिवसांच्या प्रवासाला व्हिसा पंचेचाळीस दिवसांचा मागा, फी तेवढीच. जुलै २०२५ मध्ये त्यांनी ६३ प्रांत आणि शहरांची जोडणी करून ३४ केली. त्यामुळे नकाशात, तिकिटावर आणि लोकांच्या बोलण्यात वेगवेगळी नावं दिसतील. मी इथे जुनीच वापरली आहेत.

विमानातून न दिसणाऱ्या दोन जागा

जमिनीवरून जाण्याचा फायदा खर्चापुरता नाही. हनोई-सायगाव विमान दोन तासांत जातं. त्या दोन तासांत खालून दोन जागा निघून जातात, ज्या भारतीय माणसानं पाहाव्यात.

एक म्हणजे बेन हाय नदी आणि तिच्यावरचा हिएन ल्वोंग पूल, डोंग हा गावाच्या उत्तरेला. १९५४ च्या जिनिव्हा करारानं देशाचे दोन भाग केले. सीमा सतराव्या अक्षांशाजवळ, या नदीवर. करार पाळला जातो की नाही हे पाहायला आंतरराष्ट्रीय आयोग नेमला गेला: कॅनडा आणि पोलंड सदस्य, भारत अध्यक्ष. आपल्या फौजेतले अधिकारी आणि जवान त्या कामासाठी तिथे होते. पूल लहान आहे, पाच मिनिटांत चालून होतो. दोन्ही बाजू दोन वेगळ्या रंगांत रंगवलेल्या आहेत. दोन वर्षांसाठी म्हणून ओढलेली ती रेघ वीस वर्षं टिकली, आणि तिच्यासाठी किती माणसं गेली हे आसपासच्या लष्करी दफनभूमी पाहून कळतं. तिथे मी सलाम केला. कुठल्या बाजूला, हा प्रश्न सैनिकाला पडत नाही.

दुसरी म्हणजे मी सोन. होई आनहून सकाळी निघून दुपारी परत येता येतं. चाम राजांनी चौथ्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत इथे विटांची मंदिरं बांधली, बहुतेक शिवाची. इथल्या देवाचं नाव भद्रेश्वर, शिलालेख संस्कृतात. १९६९ च्या बॉम्बफेकीत बरंच पडलं. आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं २०१७ ते २०२२ इथे जतनाचं काम केलं, आणि २०२० मध्ये ते करताना नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. पुढे दक्षिणेला फान रांगजवळ थाप चाम नावाचं रेल्वे स्टेशन आहे, नावाचा अर्थच चाम मनोरा. टेकडीवरचं पो क्लोंग गराय मंदिर तिथून जवळ, आणि तिथे चाम लोक आजही पूजा करतात. या जागा यादीत नसतात. त्या राखीव दिवसात बसतात.

आता आकडा

कबूल केल्याप्रमाणे हिशेब. मी चोवीस दिवस घेतले. खाट किंवा साधी खोली सरासरी सातशे रुपये, खाणं-पिणं सहाशे, स्थानिक वाहन आणि प्रवेश तिकिटं सहाशे. दिवसाला एकोणीसशे, म्हणजे चोवीस दिवसांचे साडेपंचेचाळीस हजार. हनोई ते सायगाव टप्प्याटप्प्यानं, बहुतेक रेल्वेनं, साधारण नऊ हजार. एकूण पंचावन्न हजारांच्या आसपास. विमान, व्हिसा, विमा वेगळे. भाव आणि विनिमय दर बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी स्वतः तपासा.

यावर राखीव चढवा. पैशाची राखीव एक-तृतीयांश: पंचावन्नला अठरा हजार, वेगळ्या कार्डावर, रोजच्या खर्चाला न दिसणारी. दिवसांची राखीव सहाला एक: चोवीसला चार, आणि त्यांतले दोन शेवटच्या विमानाआधी. अंगाची राखीव म्हणजे दोन रात्रींचे प्रवास कधीही सलग नाहीत, आणि आठवड्यात एक दिवस काहीही न बघता झोप, कपडे धुणं, घरी फोन.

हातात वीस दिवसच असतील तर सतरा दिवसांचा बेत करा. पैसे चाळीस हजारच असतील तर तीस हजारांत जेवढा देश होतो तेवढाच पाहा. हनोई ते हुए पुरेसं आहे, उरलेला पुढच्या खेपेला. राखीव वापरावी लागली नाही तर सायगावला शेवटच्या संध्याकाळी चांगलं जेवा आणि ती संपवून टाका. तो हक्काचा खर्च आहे.

आणि घरच्यांना रोज एक निरोप: आज कुठे आहे, उद्या कुठे जाणार, कशानं जाणार. फौजेत याला हालचालीचा अहवाल म्हणतात. आई-वडिलांच्या झोपेची राखीव ती हीच.

पुढच्या भागात लाओस: डोंगर, मेकाँगवरची संथ बोट आणि नवी रेल्वे. आपले अनुभव लिहून पाठवत राहा, त्यांतूनच हे भाग तयार होतात.

जय हिंद.